फ्रेम कमी पडणे वेगळे आणि झटका बसणे वेगळे

देवगडहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते डीसीएस वर्ल्ड या संगणकावरच्या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये हॉर्नेट, म्हणजे एफ/ए-१८सी विमान, उडवतात. त्यांच्याकडे रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबीची एकच रॅम, ८ जीबीचे आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड आणि ७५ हर्ट्झचा १०८०पी मॉनिटर आहे. विंडोज एसएसडीवर आहे, पण तिथे जागा पुरत नाही म्हणून सिम्युलेटर जुन्या हार्ड डिस्कवर टाकलेला आहे. मान वळवल्याचे सिम्युलेटरला कळावे म्हणून ते वेबकॅम आणि डोक्याची हालचाल टिपणारा ओपनट्रॅक हा प्रोग्रॅम वापरतात. सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे एकेक चित्रे, निघतात ते सांगणारा स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा ५५ ते ६० दाखवतो, तरीही सीरियाच्या नकाशात शहरावरून कमी उंचीने जाताना विमान अडखळते. मान वळवली की चित्र थबकते, आणि अर्ध्या-पाऊण तासाने तो आकडाच ३० च्या आसपास उतरतो. ग्राफिक्सच्या सगळ्या सेटिंग्ज खाली आणूनही फरक पडला नाही, तेव्हा आता कोल्हापूरहून नवे ग्राफिक्स कार्ड आणावे का, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर असे की कार्ड तूर्त आणू नका. मी गेली अठरा वर्षे कुडाळमध्ये संगणक जोडणीचे आणि दुरुस्तीचे काम करतो आणि जवळजवळ तितकीच वर्षे लढाऊ विमानांचे सिम्युलेटर उडवतो. तुमचे यंत्र मी पाहिलेले नाही, त्यामुळे पुढे जे सांगतो त्यातले काही तुमच्या खोलीत बसून पडताळल्याशिवाय ठरणार नाही. पण तुम्ही दिलेल्या माहितीतच एक महत्त्वाचा पुरावा आहे. सगळ्या सेटिंग्ज खाली आणल्यावरही झटके तसेच राहिले, याचा अर्थ ग्राफिक्स कार्डाचे काम हलके करूनही अडचण हलली नाही. जिथे अडलेलेच नाही तिथे पैसे घालून काही सुटणार नाही.

मुळात तुमच्या तक्रारीत तीन वेगळी दुखणी एकत्र झाली आहेत. शहरावरचे अडखळणे, मान वळवल्यावरचे थबकणे आणि अर्ध्या तासाने उतरणारा आकडा यांची कारणे एकच असतील असे मानून चालू नये. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण तिन्हींना मिळून 'लॅग' म्हणतात आणि मग एकाचे औषध दुसऱ्याला देत बसतात.

आधी त्या आकड्याबद्दल सांगतो, कारण तोच दिशाभूल करतो. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि ३० फ्रेम म्हणजे ३३.३. कोपऱ्यातला आकडा सरासरी सांगतो. समजा एका सेकंदात ५७ फ्रेम प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत निघाल्या आणि एका फ्रेमला १४५ मिलिसेकंद लागले, तर मोजणारा ५८ दाखवील आणि तुम्ही म्हणाल की सगळे ठीक आहे. पण ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान सेकंदाला २५० मीटर कापते, म्हणजे त्या एका अडकलेल्या फ्रेममध्ये ते सुमारे ३६ मीटर पुढे गेलेले असते. हॉर्नेटची लांबी १७ मीटरच्या आसपास आहे. शत्रूच्या मागे तोफेचा नेम धरून बसलेले असताना त्याचे विमान आपल्याच दोन लांबींइतके उडी मारून पुढे गेले, तर नेम राहील कसा? म्हणून सरासरीचा आकडा सोडून द्या आणि प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला त्याचा आलेख पाहा. त्यासाठी कॅपफ्रेमएक्स किंवा एमएसआय आफ्टरबर्नर यांपैकी कोणताही प्रोग्रॅम चालेल. खुद्द डीसीएसमध्ये उजवे कंट्रोल आणि पॉझ ही बटणे एकत्र दाबली की आकडा येतो, पुन्हा दाबली की सविस्तर माहिती येते, आणि अडवणूक प्रोसेसरची आहे की ग्राफिक्स कार्डाची हेही त्यात लिहिलेले असते.

मोजताना उड्डाण दर वेळी तेच ठेवा. मी काकेशसच्या फुकट मिळणाऱ्या नकाशात बटुमीहून उठतो, किनाऱ्याने १५० मीटर उंचीवर पाच मिनिटे उत्तरेला जातो आणि ठरावीक ठिकाणी वळतो. तिथे हिरवे डोंगर थेट समुद्राला भिडतात, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला वाट लक्षात ठेवायला सोपे जाते. हवामान तेच, दिवसाची वेळ तीच, विमान तेच, आणि प्रत्येक फेरीत फक्त एकच बदल, हे पथ्य पाळा. तुम्ही सगळ्या सेटिंग्ज एकदम खाली आणल्या, त्यामुळे त्यांपैकी कशाने काय झाले हे आता सांगता येणार नाही. त्या पूर्वीसारख्या मध्यम करून ठेवा आणि तिथून सुरुवात करा.

आता शहरावरचे अडखळणे. यात माझा पहिला संशय हार्ड डिस्कवर आहे, आणि तो बराच पक्का आहे. खाली इमारती, रस्ते, झाडे दाट असतात आणि विमान वेगात असते, त्यामुळे सिम्युलेटरला सतत नवे टेक्स्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवायची चित्रे, आणि नवे आकार डिस्कवरून आणावे लागतात. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची तबकडी एक फेरा पूर्ण करायला ८.३ मिलिसेकंद घेते. त्यात वाचणाऱ्या भुजेचा योग्य जागी सरकण्याचा वेळ मिळवला, तर इकडेतिकडे विखुरलेल्या एकेका तुकड्यासाठी दहा-बारा मिलिसेकंद सहज जातात. तुमच्या एका संपूर्ण फ्रेमचे अंदाजपत्रक १६.७ आहे! सिम्युलेटर ही आणण्याची कामे शक्य तितकी मागच्या बाजूला चालू ठेवतो हे खरे, पण जी वस्तू याच क्षणी दाखवायची आहे ती आली नसेल तर कुणाला तरी थांबावेच लागते. उंचावरून जाताना झटके कमी आणि खाली आल्यावर जास्त, असे तुमच्याकडे होत असेल तर ते याच्याशी जुळते. डीसीएस नकाशांसह १०० जीबीच्या वर सहज जातो हे मला ठाऊक आहे, त्यामुळे जागेची तुमची अडचण खरी आहे. तरीही पैसे घालायचेच असतील तर पहिले एक टीबीच्या एसएसडीत घाला.

दुसरा संशय रॅमवर. १६ जीबी मोकळ्या आकाशातल्या साध्या उड्डाणाला पुरते, पण सीरियासारखा नकाशा आणि त्यात भरपूर विमाने, रणगाडे, जहाजे असलेली मोहीम असेल तर पुरत नाही. डीसीएस तयार करणारेही जड मोहिमांसाठी ३२ जीबीच सुचवतात. रॅम भरली की विंडोज उरलेला भाग डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ढकलते, आणि ती पेजफाइल हार्ड डिस्कवर असेल तर झटका मोजायला कोणत्याही साधनाची गरज पडत नाही. शिवाय तुमच्याकडे एकच पट्टी आहे. ३२०० वेगाच्या डीडीआर४ रॅमची एक वाहिनी सेकंदाला २५.६ जीबी वाहून नेऊ शकते आणि तुमच्या बोर्डावर अशा दोन वाहिन्या आहेत. म्हणजे निम्मा रस्ता आज बंद आहे. तशीच दुसरी १६ जीबीची पट्टी घ्या, बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचांमध्ये दोन्ही बसवा आणि बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारे एक्सएमपी चालू आहे ना ते पाहा. ते बंद राहिले तर ३२०० ची रॅम बहुधा २१३३ किंवा २४०० वर चालत राहते, आणि माझ्याकडे येणाऱ्या यंत्रांमध्ये हे इतक्या वेळा सापडते की मी आता पेटी उघडण्याआधी तेच तपासतो.

ग्राफिक्स कार्डाची ८ जीबी मेमरी भरते का, हेही त्याच फेरीत पाहून घ्या. आरटीएक्स ३०५० ची स्वतःची मेमरी सेकंदाला २२४ जीबी या वेगाने चालते. ती भरून टेक्स्चर मुख्य रॅममध्ये सांडले, की ते कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसच्या मार्गाने मागवावे लागते. हे कार्ड आठच मार्गिका वापरते आणि बी४५० बोर्ड तिसऱ्या पिढीचा आहे, त्यामुळे तो रस्ता सेकंदाला जेमतेम ८ जीबीचा उरतो. फरक जवळजवळ २८ पटींचा आहे. मेमरी साडेसात जीबीच्या वर टेकलेली दिसली तर जमिनीचे टेक्स्चर एक पायरी खाली आणा. बाकी कशाला हात लावू नका.

मान वळवल्यावरच्या थबकण्याकडे मात्र वेगळ्या नजरेने पाहायला हवे. नवी दिशा दिसली की नवे टेक्स्चर लागते, तेव्हा डिस्कचा दोष इथेही असू शकतो. पण तुम्ही वेबकॅम वापरता आणि बहुधा संध्याकाळनंतर उडवता. साधे वेबकॅम उजेड कमी पडला की प्रत्येक चित्र जास्त वेळ उघडे धरतात, आणि त्यामुळे सेकंदाला ३० ऐवजी १५ किंवा त्याहून कमी चित्रे देतात. मग सिम्युलेटर ६० फ्रेम काढत असला तरी तुमच्या डोक्याची जागा त्याला १५ वेळाच कळते, आणि कॉकपिट हिसके देत फिरल्यासारखे वाटते. ओळखायला अगदी सोपे आहे. ओपनट्रॅक बंद करा आणि जॉयस्टिकवरच्या हॅट स्विचने, म्हणजे अंगठ्याने चहूकडे ढकलायच्या छोट्या बटणाने, दृश्य डावी-उजवीकडे फिरवा. ते लोण्यासारखे फिरले तर सिम्युलेटर निर्दोष आहे. चेहऱ्यावर समोरून दिवा येईल असे टेबल फिरवा आणि वेबकॅमच्या सेटिंगमध्ये एक्स्पोजर आपोआप ठरण्याऐवजी स्वतः ठरवून ठेवा. हॅट स्विचनेही थबकले, तर 'एम' दाबून हॉर्नेटचे आरसे बंद करून पाहा. आरशात दिसण्यासाठी मागचे जग वेगळे रेखाटावे लागते. टार्गेटिंग पॉडचे, म्हणजे लक्ष्य शोधणाऱ्या कॅमेऱ्याचे, चित्र डिस्प्लेवर चालू असेल तर त्याचेही तसेच आहे, म्हणून कॉकपिटमधल्या डिस्प्लेचे रिझोल्यूशन '१०२४ प्रत्येक फ्रेमला' असे असेल तर नुसते १०२४ करा.

याच ओघात यूएसबीचे सांगतो, कारण किनाऱ्यावर हे जास्त घडते. जॉयस्टिक किंवा थ्रॉटलचा यूएसबी संपर्क खाऱ्या हवेने गंजला की उपकरण क्षणभर सुटते आणि पुन्हा जोडले जाते. विंडोजचा तो दोन सुरांचा आवाज उड्डाणात मध्येच ऐकू येत असेल आणि झटकाही त्याच वेळी बसत असेल, तर कारण सापडले. मालवणच्या एका मुलाचा थ्रॉटल मी पाहिला होता. पिनच्या टोकाला हिरवट पूड धरली होती आणि केबल बोटाने जराशी हलवली तरी आवाज व्हायचा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने टोक साफ केले, पेटीच्या पुढच्या सैल पोर्टातून काढून मागच्या पोर्टात लावले, आणि त्याचे काम तेवढ्यावर भागले. डीसीएसच्या कंट्रोल सेटिंगमध्ये हॉट प्लग बंद करण्याची सोय आहे. ती वापरली तर सिम्युलेटर उड्डाणात नवी उपकरणे शोधत बसत नाही. मात्र संपर्कच गंजला असेल तर सफाईला पर्याय नाही.

आता तिसरे दुखणे, अर्ध्या तासाने आकडा उतरण्याचे. याची बहुधा दोनच कारणे असतात: उष्णता किंवा भरलेली मेमरी. दोन्ही वेगळी ओळखण्याची माझी रीत अशी. आकडा ३० वर आला की सिम्युलेटर पूर्ण बंद करा आणि लगेच, यंत्राला विश्रांती न देता, पुन्हा तीच मोहीम सुरू करा. आकडा ताबडतोब ५५ वर जाऊन तिथे टिकला तर मेमरी भरत होती. तो दोन-चार मिनिटांतच पुन्हा ३० वर आला, तर यंत्र तापलेले आहे. खात्रीसाठी एचडब्ल्यूइन्फो हा यंत्राची मोजमापे दाखवणारा प्रोग्रॅम मागे चालू ठेवून तापमान आणि प्रोसेसर व कार्डाचा वेग या दोन्हींची नोंद घ्या. तापमान कमाल मर्यादेला टेकले आणि त्याच क्षणापासून वेग घसरला, असे दिसले की शंका उरत नाही. बहुतेक प्रोसेसरांची ही मर्यादा ९० ते १०० अंशांच्या दरम्यान असते. ग्राफिक्स कार्डे त्याआधीच, ऐंशीच्या पुढे गेल्यावर, हळूहळू वेग कमी करू लागतात.

उष्णतेच्या बाबतीत आपल्या किनाऱ्याची स्वतःची रीत आहे. घाटावरची धूळ कोरडी असते, ती ब्लोअरने उडते. आपल्याकडे हवेतले मीठ ओल धरून ठेवते, त्यात जांभ्याची तांबडी धूळ मिसळते, आणि प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये तिचा घट्ट थर बसतो. गेल्या वैशाखात समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवरच्या घरातून एक पेटी आली होती. पंखा काढला तेव्हा खाली पाती दिसतच नव्हती. विटकरी रंगाची घोंगडी पसरावी तसा थर होता. तो ब्लोअरने हलला नाही, ब्रशने कडेकडेने सोडवून चिमट्याने सोलून काढावा लागला. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. सफाई करून नवी पेस्ट लावल्यावर तोच प्रोसेसर त्याच खेळात ९४ अंशांवरून ७५ वर आला. किनाऱ्यावरचे यंत्र मी वर्षातून दोनदा उघडायला सांगतो: एकदा पावसाळा संपल्यावर आणि एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग खराब होते. पेटी भिंतीला चिकटवून किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवली असेल तर आधी बाहेर काढा, कारण खोलीची हवा जितकी गरम, साधारण तितक्याच अंशांनी आतले सगळे वर चढते.

संध्याकाळी व्होल्टेज उतरते म्हणून फ्रेम उतरतात, असे बरेच जण मला सांगतात. डेस्कटॉपच्या बाबतीत हे थेट खरे नाही. चांगल्या दर्जाचा एसएमपीएस, म्हणजे यंत्राला वीज पुरवणारा डबा, १०० ते २४० व्होल्टपर्यंत काम करतो, आणि त्याला झेपले नाही तर यंत्र बंद पडते किंवा पुन्हा सुरू होते, पण फ्रेम हळूहळू कमी होत नाहीत. मात्र त्याच वेळी डोक्यावरचा पंखा मंदावतो, खोली कोंदते आणि यंत्र लवकर तापते. लोकांचे निरीक्षण बरोबर असते, कारण तेवढे दुसरे असते.

सिम्युलेटरचे किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरचे अपडेट आल्यानंतर झटके सुरू झाले असतील, तर सेव्ह्ड गेम्समधल्या डीसीएसच्या फोल्डरात 'एफएक्सओ' आणि 'मेटाशेडर्स२' ही दोन फोल्डरे असतात, त्यांच्या आतले सगळे पुसा. त्यांत शेडर, म्हणजे चित्र रंगवण्याचे तयार करून ठेवलेले छोटे प्रोग्रॅम, असतात आणि ते पुन्हा तयार होतात, त्यामुळे पहिले उड्डाण जास्तच अडखळेल. निकाल दुसऱ्या उड्डाणावरून ठरवा. पण कृपा करून डीसीएसचे आख्खे फोल्डर पुसू नका. जॉयस्टिकच्या बटणांची तुमची सगळी मांडणी तिथेच, 'कॉन्फिग'मध्ये असते. माझ्या ओळखीच्या एका तरुणाने घाईत ते पुसले आणि महिनाभर बसून लावलेली बटणे त्याला पहिल्यापासून लावावी लागली. ते फोल्डर आजच दुसरीकडे कॉपी करून ठेवा.

तुम्ही मित्रांबरोबर ऑनलाइन उडवता का, हे तुम्ही लिहिलेले नाही. उडवत असाल तर एक भेद लक्षात ठेवा: आपले कॉकपिट आणि जमीन संथ सरकते पण समोरचे विमान तेवढे उड्या मारते, तेव्हा दोष यंत्राचा नसून जोडणीचा असतो, आणि त्यासाठी ग्राफिक्सची एकही सेटिंग बदलण्याचे कारण नाही.

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ३० टक्केच दिसतो म्हणून तो मोकळा आहे असेही समजू नका. तुमच्या प्रोसेसरचे १२ थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, आहेत, म्हणून एक थ्रेड पूर्ण गुंतला तरी एकूण आकड्यात तो सुमारे ८ टक्केच दिसतो. डीसीएसमध्ये २०२३ पासून काम अनेक थ्रेडवर वाटले जाते आणि त्याने पुष्कळ फरक पडला, तरी विमानांची हालचाल, क्षेपणास्त्रांचे मार्ग आणि शत्रूचे निर्णय यांचा मोठा भार अजूनही मोजक्या थ्रेडवरच असतो. तीच जागा, तेच विमान, पण एकदा रिकाम्या आकाशात आणि एकदा भरगच्च मोहिमेत उडवून पाहा. रिकाम्यात ७० आणि भरलेल्यात ३५ आले तर भार मोहिमेचा आहे, आणि तिथे नवे कार्डही तुम्हाला ३५ च देईल.

तेव्हा क्रम असा ठेवा. या आठवड्यात एकही रुपया न घालता बटुमीचे उड्डाण मोजा, हॅट स्विचची परीक्षा करा, सिम्युलेटर लगेच पुन्हा सुरू करून पाहा आणि पेटी उघडून साफ करा. पुढे एसएसडी, मग रॅमची दुसरी पट्टी. त्यानंतर फ्रेमवेळेचा आलेख सपाट झाला की फ्रेमची कमाल मर्यादा यंत्राला सतत झेपेल तिथे बांधा. मॉनिटर फ्रीसिंकचा, म्हणजे फ्रेम येतील तसा आपला वेग जुळवून घेणारा, असेल तर ५० वर बांधून पाहा, कारण ४० ते ७० मध्ये हेलकावणाऱ्या चित्रापेक्षा ५० वर स्थिर राहिलेले चित्र नेम धरायला कितीतरी चांगले. फ्रीसिंक नसेल आणि फ्रेमना मॉनिटरच्या वेगाशी बांधणारे व्ही-सिंक लावायचे असेल तर ७५ च्या निम्मे, म्हणजे ३७ च्या आसपास आकडा येईल, त्याने घाबरू नका.

एवढे सगळे झाल्यावर, तापमान मर्यादेच्या बरेच खाली असताना, रॅम आणि कार्डाची मेमरी मोकळी असताना, कार्डाचा वापर सतत ९७-९८ टक्क्यांवर टेकलेला दिसला आणि डीसीएसच्या त्या सविस्तर माहितीतही अडवणूक कार्डाचीच लिहून आली, तर आधी डीएलएसएस, म्हणजे कमी रिझोल्यूशनला काढलेले चित्र मोठे करून दाखवण्याची कार्डाची सोय, लावून पाहा. त्याने दूरची विमाने आणि डिस्प्लेवरची अक्षरे थोडी पुसट होतात, ते तुमच्या डोळ्यांना चालते का ते तुम्हीच ठरवायचे. ते चालले नाही, तर मात्र कोल्हापूरला जरूर जा. त्याआधी तुमच्या एसएमपीएसवर लिहिलेले वॅट आणि पेटीत कार्डासाठी मोकळी असलेली लांबी मला कळवा, म्हणजे तुमच्या बोर्डावर कोणते कार्ड शोभेल ते नेमके सांगता येईल.